जर्मन ग्राहक एन्क्रिप्टेड मेल मागतोय: एस/माइम, पीजीपी, की आहे त्या टोकनवर भागवायचं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. जर्मनीत हॉस्पिटलना लिनन पुरवणाऱ्या एका ग्राहकाने कळवलंय की पुढच्या तिमाहीपासून दरपत्रक, प्रोफॉर्मा इनव्हॉइस आणि बँकेचे तपशील एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) ईमेलनेच पाठवायचे. तुमचे सीए म्हणतात, डीएससीचं (सरकारी कामांसाठीच्या डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं) यूएसबी टोकन आहेच, त्यावर काम होईल. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, पीजीपी बसवा, फुकट आहे आणि सगळ्यात भक्कम आहे. सर्टिफिकेट विकणारा माणूस एस/माइम घ्या म्हणतोय. पीजीपी आणि एस/माइम ही मेल एन्क्रिप्ट करायची दोन मानकं आहेत. यातलं कुणाचं ऐकायचं?

मी सोलापुरातल्या कारखान्यांची, सीए ऑफिसांची आणि काही हॉस्पिटलची मेल-व्यवस्था बघतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. तुमच्या परिस्थितीत बहुधा एस/माइमच योग्य ठरेल. पण यात भक्कम कोण आणि कच्चं कोण हे मी बघत नाही. दोन्हींच्या मुळाशी असलेलं गणित आज तरी कुणी फोडत बसत नाही. मी दोनच गोष्टी विचारतो. पलीकडचा माणूस काय उघडू शकतो? आणि पाच वर्षांनी तुमच्याकडे ती किल्ली कुणाच्या ताब्यात असेल? मानक कुठलं घ्यायचं ते या दोन उत्तरांवर ठरतं.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, विचारण्याचं आहे. ग्राहकाच्या आयटी विभागाला साधी मेल करा: तुम्हाला नेमकं काय हवंय? सक्तीचं टीएलएस, एस/माइम की ओपनपीजीपी (म्हणजे पीजीपीचंच खुलं मानक)? हे विचारायचं कारण असं की बऱ्याच कंपन्या ‘एन्क्रिप्टेड ईमेल’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त टीएलएस अपेक्षित असतं, म्हणजे तुमच्या मेल सर्व्हरपासून त्यांच्या मेल सर्व्हरपर्यंतचा रस्ता बंदिस्त हवा, एवढंच. तसं असेल तर तुम्हाला काहीच विकत घ्यावं लागणार नाही. मोठ्या मेल कंपन्यांमधली बहुतेक मेल आज अशीच जाते. जीमेल वापरत असाल तर संगणकावर त्यांची एखादी मेल उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. ‘सिक्युरिटी’च्या ओळीत टीएलएसचा उल्लेख दिसला, तर ती मेल तुमच्यापर्यंत बंदिस्त रस्त्याने आली.

पण टीएलएस फक्त रस्त्यापुरतं असतं. तुम्ही कंटेनरला सील मारता, तसंच हे. बंदरापर्यंत माल सुरक्षित असतो, गोदामात सील तुटलं की उघडा. मेल प्रत्येक सर्व्हरवर पोचली की तिथे वाचता येते. तिथला अ‍ॅडमिन वाचू शकतो आणि तुमचा पासवर्ड चोरणाराही वाचू शकतो. एस/माइम आणि ओपनपीजीपी दोन्ही मेलचा मजकूर पाठवणाऱ्याच्या संगणकावरच बंद करतात आणि तो घेणाऱ्याच्या संगणकावरच उघडतो. मधले सर्व्हर फक्त हमाली करतात.

आता या दोघांतला फरक. पीजीपी १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी लिहिलं. पुढे ते ओपनपीजीपी नावाने खुलं मानक झालं आणि त्याची ताजी आवृत्ती आरएफसी ९५८० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून २०२४ मध्ये आली. एस/माइम १९९५ च्या सुमाराचं, त्याची चालू आवृत्ती ४.० ही २०१९ च्या आरएफसी ८५५१ मध्ये आहे. दोन्हींत प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली सगळ्यांना द्यायची, खासगी कुणालाच नाही. फरक एकाच ठिकाणी आहे: ही सार्वजनिक किल्ली खरंच अमुक माणसाची आहे हे कोण सांगतं? एस/माइममध्ये ते मान्यताप्राप्त सर्टिफिकेट कंपनी सांगते आणि आउटलुक, अ‍ॅपल मेल, थंडरबर्ड तिच्यावर आपोआप विश्वास ठेवतात. ओपनपीजीपीमध्ये ते तुम्हीच तपासायचं, म्हणजे समोरच्याला फोन करून किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा कोड), सर्रास वापरल्या जाणाऱ्या किल्लीत ४० अक्षरांचा, जुळवून घ्यायचा. हे काम दोन ओळखीच्या माणसांत उत्तम होतं. पण तुमच्या ग्राहकाच्या खरेदी विभागात माणसं बदलत राहणार. त्यांनी प्रत्येक पुरवठादाराला फोन करून अक्षरं वाचून दाखवावीत ही अपेक्षा टिकत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या, आणि जर्मन कंपन्या विशेषतः, एस/माइमकडे झुकतात. त्यांच्या आउटलुकमध्ये ते आधीपासून असतं. काहींच्या गेटवेवर, म्हणजे कंपनीची मेल आत-बाहेर जाते त्या सर्व्हरवर, दोन्ही चालतात, म्हणूनच आधी विचारा म्हणालो.

तुमच्या भाच्याचं म्हणणं चूक नाही. पीजीपीला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, कुठल्या कंपनीच्या परवानगीची गरज नसते, आणि थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ते आतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एखादा पत्रकार, वकील किंवा सॉफ्टवेअरवाला विचारायला आला असता तर मी त्याला पीजीपीच सांगितलं असतं. ग्राहक प्रोटॉन मेल वापरत असेल तरीही पीजीपीच, कारण त्यांच्या आत ओपनपीजीपीच आहे. पण तुमच्या ऑफिसात मेल आउटलुकवर चालते. पीजीपीसाठी लोक जीपीजीफॉरविन हा विंडोजचा प्रोग्रॅम आणि त्याचं आउटलुकचं जोडणं वापरत आलेत, पण मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्ये त्या प्रकारची जोडणी चालत नाहीत. म्हणजे उद्या कुणी अपडेटचं बटण सरकवलं की तुमची व्यवस्था कोलमडली. शिवाय ओपनपीजीपीच्या घरातच सध्या फूट आहे. ग्नूपीजीने (जीपीजीफॉरविनच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमने) नवं आरएफसी न स्वीकारता लिबरपीजीपी नावाची वेगळी वाट धरली आहे. पीजीपी वापरायचं ठरलंच तर जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या प्रकारची किल्ली बनवा, ती सगळीकडे उघडते.

आता टोकनबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात हाच सल्ला सर्वाधिक दिला जातो, आणि तो अर्धा बरोबर आहे. तुमचं डीएससी तांत्रिकदृष्ट्या एस/माइमच्याच कुटुंबातलं सर्टिफिकेट आहे. तरी ते या कामाला चालेलच असं नाही. टोकन संगणकाला लावा, सर्टिफिकेट उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे ईमेल पत्ता. एस/माइमला सर्टिफिकेटमधला पत्ता आणि मेल ज्या पत्त्यावरून जाते तो पत्ता एकच असावा लागतो. डीएससी काढताना घाईत दिलेला पत्ता बऱ्याचदा मालकाचा खासगी जीमेल असतो, नाहीतर सीएंच्या ऑफिसचा. काहींमध्ये तो नसतोच. दुसरी गोष्ट, वापराचा प्रकार. कंपनी कायद्याच्या किंवा जीएसटीच्या कामासाठी घेतलेलं डीएससी बहुधा फक्त सहीचं असतं. एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट वेगळं असतं, ते ई-टेंडर भरणारे लोक ‘कॉम्बो’ म्हणून घेतात. सहीच्या सर्टिफिकेटवर समोरचा तुम्हाला बंद मेल पाठवू शकणार नाही. तिसरी गोष्ट, ते कुणी दिलंय. आपली डीएससी भारताच्या सीसीएच्या, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांवरच्या सरकारी नियंत्रकाच्या, साखळीतली असतात. आपल्या सरकारी पोर्टलना ती मान्य असतात, पण जर्मनीतल्या संगणकावर ती साखळी आपोआप विश्वासू धरली जाईल हे गृहीत धरू नका. ग्राहकाच्या पडद्यावर तुमच्या सहीपुढे ‘अविश्वासू’ असं दिसलं, तर टाळायला गेलात तोच संशय तुम्ही निर्माण केलात.

आणि यापलीकडे व्यवहाराचा मुद्दा आहे. टोकन कुणाच्या खिशात असतं? आपल्याकडे ते सर्रास सीएंच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये असतं, पिन चिठ्ठीवर लिहिलेला. रिटर्न भरायला ते सोयीचं पडतं, पण ग्राहकाची प्रत्येक मेल उघडायला तेच टोकन लागणार असेल तर निर्यातीचं काम दर वेळी नवी पेठेतल्या ऑफिसात जाऊन करावं लागेल. टोकन हे सहीसाठीच राहू द्या. कृपा करून एवढं ऐका.

म्हणजे राहिलं ते वेगळं एस/माइम सर्टिफिकेट, जगभर मान्य असलेल्या कंपनीकडून घेतलेलं. १ सप्टेंबर २०२३ पासून या सर्टिफिकेटना सीए/ब्राउझर फोरमची (इथे सीए म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या) सामायिक नियमावली लागू झाली आहे. तुम्हाला सगळ्यात साधा प्रकार पुरतो, ज्यात फक्त मेलबॉक्स तुमच्या ताब्यात आहे एवढं तपासतात. कंपनीचं नाव सर्टिफिकेटमध्ये दिसायला हवं असा ग्राहकाचाच आग्रह असेल तर वरचा प्रकार घ्या, त्यासाठी कंपनीची कागदपत्रं द्यावी लागतात. घेताना विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: खासगी किल्ली कुठे तयार होते, माझ्या संगणकावर की तुमच्या सर्व्हरवर? त्यांच्या सर्व्हरवर बनून तुम्हाला फाइल डाउनलोड करायला मिळत असेल, तर ती किल्ली आधी दुसऱ्याच्या हातात होती. दरपत्रकासाठी तुम्ही हे चालवून घ्याल, हॉस्पिटलच्या रुग्णांची माहिती जाणार असेल तर मी चालवून घेणार नाही.

सर्टिफिकेट कुणा व्यक्तीच्या पत्त्यावर घेऊ नका. निर्यात विभागाचा म्हणून एक पत्ता, तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, बनवा आणि त्यावर घ्या. माणूस नोकरी सोडून गेला तरी पत्ता आणि किल्ली कंपनीकडे राहते.

आता किल्ली सांभाळण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. चिंचोळीच्या एका कारखान्यात सगळं नीट चाललं होतं. निर्यातीचा संगणक मंदावला म्हणून एका दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं. मेल सर्व्हरवर होत्या, त्या परत आल्या. प्रत्येक मेल जागेवर होती, विषय दिसत होता, तारीख दिसत होती, आणि आत फक्त ‘एसमाइम डॉट पी७एम’ नावाची एक न उघडणारी फाइल. किल्ली जुन्या विंडोजबरोबर गेली होती. तिची प्रत कुठेही नव्हती. ग्राहकाशी एका जुन्या मालाच्या जीएसएमवरून (कापडाच्या वजनावरून) वाद सुरू होता, आणि मान्य झालेले नमुने ज्या मेलमध्ये होते त्या सगळ्या कायमच्या बंद झाल्या. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. कुणाकडेच नसतो. एन्क्रिप्शन चोख काम करतंय याचाच तो पुरावा असतो.

म्हणून सर्टिफिकेट बसवल्याच्या दिवशीच किल्लीसकट ते पीएफएक्स फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. विंडोज विचारतं, ‘प्रायव्हेट की’सह एक्स्पोर्ट करायचं का? तिथे ‘येस’. ‘नो’ केलं तर फाइल तयार होते, पण किल्लीविना ती निरुपयोगी असते. मोठा पासवर्ड द्या. फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक ऑफिसच्या तिजोरीत, दुसरा मालकाच्या घरी. पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या जागी. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर टाकून एक जुनी बंद मेल उघडून बघा. उघडली तरच बॅकअप आहे असं धरा.

दुसरी जपायची गोष्ट, सर्टिफिकेटची मुदत. आजच्या नियमांत असं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ८२५ दिवसांचं मिळतं, म्हणजे साधारण सव्वादोन वर्षं. नवं घेतलं की नवी किल्ली येते. तेव्हा यादीत ‘एक्स्पायर्ड’ दिसणारं जुनं सर्टिफिकेट सफाई म्हणून कुणीतरी पुसतं. ते पुसायचं नाही. मुदत संपलेल्या किल्लीने नवी मेल येणार नाही, पण जुन्या मेल फक्त तिनेच उघडतात. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. त्या काळात तुमच्याकडे तीन-चार किल्ल्या जमतील, आणि सगळ्या लागतील. महत्त्वाची मेल उघडल्यावर दरपत्रकाची किंवा ऑर्डरची पीडीएफ नेहमीच्या फोल्डरमध्ये साठवण्याची सवय लावा, म्हणजे सगळी भिस्त किल्लीवर राहत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. ग्राहकाला बँकेचे तपशील एन्क्रिप्ट करून का हवेत याचा विचार करा. तुमचा खातेक्रमांक आणि स्विफ्ट कोड काही गुपित नाही, तो तुमच्या प्रत्येक इनव्हॉइसवर छापलेला असतो. त्यांची भीती वेगळी आहे: मधेच कुणीतरी तुमच्या नावाने मेल करून ‘आमचं खातं बदललंय, पैसे इथे टाका’ असं सांगेल. निर्यातदारांचे पैसे असेच जातात. चोर आधी एका बाजूचा मेलबॉक्स उघडतो, आठवडेभर पत्रव्यवहार वाचतो, आणि नेमका पेमेंटच्या दिवशी एका अक्षराने वेगळ्या डोमेनवरून लिहितो. याला एन्क्रिप्शन एकटं पुरत नाही, कारण ग्राहकाची सार्वजनिक किल्ली मिळाली की कुणीही त्याला तुमच्या नावाने बंद मेल पाठवू शकतो. इथे कामाला येते ती डिजिटल सही. ती एस/माइममध्ये त्याच सर्टिफिकेटवर मिळते. मेल तुमच्याच पत्त्यावरून निघाली आणि वाटेत एक अंकही बदलला नाही, हे ती सिद्ध करते.

म्हणून माझा आग्रह असा: परदेशात जाणाऱ्या प्रत्येक मेलवर सही, आणि दर किंवा गोपनीय मजकूर असलेल्या मेलवर एन्क्रिप्शन. सगळ्याच मेल बंद करू नका. बंद मेलमधला मजकूर सर्व्हरवर शोधता येत नाही, सर्व्हरचं व्हायरस स्कॅनिंगही आत बघू शकत नाही. ग्राहकाला लेखी कळवून टाका की सही नसलेल्या मेलवरून खातं बदलायचं नाही, आणि सही असली तरी जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय नाही. डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (तुमच्या नावाने खोटी मेल पाठवणं अवघड करणाऱ्या नोंदी) लावलेलं नसेल तर ते या महिन्यात लावून घ्या. ते तुमचा डोमेन विकणारा किंवा माझ्यासारखा कुणीही करून देईल.

काही मर्यादा दोन्ही मानकांना आहेत. विषयाची ओळ बहुतेक वेळा उघडीच जाते. थंडरबर्ड ओपनपीजीपीत ती झाकतं, पण एस/माइममध्ये तसं गृहीत धरू नका. ‘५०० जीएसएम बाथ टॉवेल, सुधारित दर’ असं विषयात लिहिलंत तर अर्धी बातमी बाहेर गेली. विषयात फक्त ऑर्डर क्रमांक लिहा. कुणी कुणाला कधी लिहिलं हेही लपत नाही. २०१८ मध्ये जर्मन आणि बेल्जियन संशोधकांनी ‘ईफेल’ नावाचा दोष दाखवला होता. एचटीएमएल मेलमधल्या बाहेरून येणाऱ्या चित्रांच्या आडून बंद मजकूर बाहेर पाठवता येत होता, दोन्ही मानकांत. त्यावर उपाय सोपा आहे: मेल प्रोग्रॅम ताजा ठेवा आणि बाहेरची चित्रं आपोआप उघडणं बंद ठेवा.

मोबाइलचं बघा, कारण मालक बहुधा फोनवरच मेल बघतात. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये एस/माइम चालतं, पीएफएक्स फाइल बसवावी लागते. अँड्रॉइडवर मोफत जीमेल अ‍ॅपमध्ये ते उघडत नाही. गूगल वर्कस्पेसच्या काही महागड्या योजनांत मिळतं, पण तिथे नेहमीच्या एस/माइमसाठी किल्ली गूगलकडे द्यावी लागते. तुमच्याकडे अँड्रॉइड असेल तर माझा सल्ला सरळ आहे, दराच्या मेल ऑफिसच्या संगणकावरच उघडा. खासगी किल्ली फोनवर, तोही हातोहात फिरणाऱ्या, ठेवू नये.

ग्राहकाने उत्तर दिलं की वर्षातून तीन-चार वेळाच गोपनीय मजकूर जाणार आहे आणि त्यांचा एस/माइमचा आग्रह नाही, तर पासवर्ड घातलेली पीडीएफ, २५६ बिटच्या एईएस एन्क्रिप्शनची, पुरेशी आहे. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा नाही, फोनवर सांगायचा. मी हे कमीपणाचं मानत नाही. लहान युनिटला, ज्यांच्याकडे किल्ल्या सांभाळायला माणूसच नाही, मी हेच सुचवतो. पण तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याला दरपत्रकं जातात. मग पासवर्ड फोनवर सांगण्याचा कंटाळा येऊन महिन्याभरात तो मेलमध्ये जायला लागेल. तुम्ही सर्टिफिकेटच घ्या.

ग्राहकाचा होकार आला की पुढचा क्रम सांगतो. निर्यातीच्या पत्त्यासाठी सर्टिफिकेट घ्या, संगणकावर बसवा, लगेच पीएफएक्सची प्रत काढा. आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’, ‘ईमेल सिक्युरिटी’ इथे ते निवडा. नवं आउटलुक असेल तर सेटिंग्जमध्ये ‘एस/माइम’ शोधा. मग ग्राहकाला फक्त सही केलेली, बंद न केलेली मेल पाठवा. सहीबरोबर तुमचं सर्टिफिकेट आपोआप जातं. त्यांच्याकडूनही सही केलेली मेल मागवा आणि ती आली की त्यांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये साठवा, म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट तुमच्याकडे राहील. या देवाणघेवाणीआधी एन्क्रिप्टचं बटण दाबलं तर आउटलुक नकार देतं, आणि लोक बिघाड समजून मला फोन करतात. मग एक रिकामी बंद मेल पाठवा, त्यांना उघडली का विचारा, त्यांच्याकडून तशीच एक मागवा आणि तुमच्या दोन्ही संगणकांवर उघडून बघा. खरे दर त्यानंतर पाठवा.

ग्राहकाच्या आयटी विभागाचं उत्तर आलं की त्यातला तांत्रिक भाग इथे टाका, त्यांचं आणि तुमचं नाव काढून. गेटवेची काही अट असेल तर वाचून सांगतो.